पदराखालचा अमिबा

शिकवता शिकवता आमच्या विज्ञानाच्या बाई टेबलावर हात ठेवायच्या, त्यावर पदर ओढून घ्यायच्या आणि आतून एक बोट हळूच पुढे सारायच्या. पदराला फुगवटा यायचा. "हा निघाला पाय. खोटा पाय. आता मागून सगळं अंग येतंय बघा." मग तो हात सरकत सरकत खडूच्या तुकड्यापाशी जायचा, दोन्ही बाजूंनी त्याला वेढायचा, की खडू नाहीसा. "तोंड नाही, पोट नाही, तरी जेवला की नाही?"

चौक गावाजवळच्या शाळेत मी मराठी शिकवतो. बाई कर्जतहून यायच्या. मधल्या सुट्टीत चहाच्या कपाभोवतीही त्यांचा अमिबा फिरायचा. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या.

अमिबाची आकृती कुणी कशीही काढो, बाई मार्क द्यायच्या. "त्याला स्वतःलाच ठरावीक आकार नाही, पोरांना कशाला सक्ती?" केंद्रक विसरणाऱ्याचे मार्क मात्र जायचे. "कारभारीच नाही, तर घर चालणार कसं?"

एकदा त्या मला म्हणाल्या, "आम्ही शिकलो तेव्हा हा प्राणी होता. मग त्याला प्राण्यांतून काढून प्रोटिस्टात बसवलं. आता म्हणतात, असे पाय काढत सरकणारे सगळे एका कुळातले नाहीतच. चाल सारखी, नातं लांबचं." जरा थांबून म्हणाल्या, "त्याला काय त्याचं? तो आपला सरकतोय."

"तुम्ही पाहिलाय का कधी?" मी सहज विचारलं.

"काचपट्टीवर. मेलेला, रंगवलेला."

"आणि जिवंत?"

"नाही हो." त्यांनी पदर सारखा केला. "रिटायर व्हायच्या आत एकदा बघायचाय."

माणूस जन्मभर ज्याच्याबद्दल इतक्या मायेनं बोलतो, त्याची भेटच झालेली नसते. तुमच्याही पाहण्यात असं कुणी असेल.

दरवर्षी त्या पोरांना सांगायच्या, गावच्या तळ्यातलं पाणी आणा, तळाचा गाळ आणि कुजका पाला घेऊन या. बाटल्या यायच्या. पाणी कसं, नितळ. सूक्ष्मदर्शकाखाली फार तर दोनचार पॅरामेशियम पळताना दिसायचे. पोरांची तोंडं उतरली की बाई म्हणायच्या, "आहे रे तो. आज आपल्याला दिसला नाही, एवढंच." स्वतः एकदा तळ्यावर गेल्या, तर एसटी चुकेल म्हणून वरवरचंच पाणी भरून आल्या.

शेवटच्या वर्षी पालकसभेला कुंभिवलीहून आमच्या वर्गातल्या सुगंधाची आई आली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी.

"बाई, पोरगी म्हनते, अमिबा गावतच नाय. मी तर चांगलं दुहेरी फडक्यातनं गाळून देते पानी."

"गाळून?"

"मग? तुमाला काय घान पानी देयाचं? मी शाळंत होते तवा माजी आय पन गाळूनच द्यायची."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दोन पिढ्यांनी बाईंचा मान राखला होता आणि अमिबा फडक्यात ठेवला होता. रागवायचं कुणावर? "बरं झालं सांगितलंस गं," एवढंच त्या म्हणाल्या. तोवर परीक्षा तोंडावर आल्या होत्या, प्रयोग संपले होते. मला फार वाईट वाटलं.

निरोपसमारंभाच्या दिवशी हार घालून झाला, शाल-श्रीफळ झालं. तेवढ्यात सुगंधाची आई मागच्या दारानं आली. हातात लोणच्याची जुनी बरणी, आत काळा चिखल.

"गाळलं नाय, बाई. तळाचा पाला हाय, तुमी बोललेलात तसाच."

थोड्या वेळानं पाहुणे बोलायला उभे राहिले, तर मधली खुर्ची रिकामी. मुख्याध्यापकांनी मला पिटाळलं. प्रयोगशाळेत बाई गळ्यातला हार पाठीवर टाकून सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. शेजारी सुगंधाची आई उभी.

"बाई, पाहुणे बोलतायत."

"बोलू दे."

मी थांबलो. बऱ्याच वेळानं त्यांचा अगदी बारीक आवाज आला, "निघाला पाय." आणि मग, "अहो, किती सावकाश. माझा हात फारच घाई करायचा."

त्या बाजूला झाल्या. "ये गं, बघ."

सुगंधाच्या आईनं एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला.

"ह्यो तर माज्या वळखीचा हाय, बाई."

बाईंनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. हॉलमध्ये रिकाम्या खुर्चीसमोर भाषण चालूच होतं.