पागोळीखालचे पाहुणे

नळदुर्गच्या आमच्या पत्र्याच्या घराला पन्हळ नाही, त्यामुळे छपराचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशीच आदळतं. एकदा भर पावसात एक अनोळखी गृहस्थ आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. परीटघडीचं धोतर त्यांनी दोन्ही हातांनी असं सावरलं होतं, जणू आत तान्हं बाळ झोपलंय! लेकासाठी मुलगी बघायला निघाले होते आणि बस यायची होती.

धोतरावर चिखलाचा पहिला शिंतोडा उडाला आणि ते गरजले, "मालक, धार पडती तिथं खडी पसरा! भिंतीपाशी मुरूम चढवा, उतार रस्त्याकडं ठिवा! सोयरिकीला गेलो की म्या पोरगी नंतर बगतो, आदी भिंतीची ओल!"

आमचीही लेक लग्नाला आलेली. आतून बायकोनं ऐकलं आणि माझ्या हातात फावडं दिलं.

मी भिजत बांधकामातली उरलेली खडी ओढली, मुरूम चोपला. पाहुणे ओट्यावरून काठीच्या टोकानं उतार दाखवत होते. बस आली तेव्हा तो एक शिंतोडा सोडला तर ते पांढरेशुभ्र होते आणि मी कमरेपर्यंत चिखलात.

बायको दारातून ओरडली, "पाव्हणं, परतीला थांबा बरं का, मागची भिंत ऱ्हायलीय!"