गप्प कुत्र्याचा घास

हवालदार आमच्या घरी आले की कुत्र्याकडे पाठ करून बसत. मोती अंगावर उड्या मारी, पायजम्याला लोंबकळे, कानठळ्या बसतील असा भुंके. आणि हे भिंतीकडे तोंड करून निवांत तंबाखू मळत. "मुक्या जनावराची माया नाही मेल्याला," आई पुटपुटे. मोती मुका असता तर हवालदारांना बोलावण्याची वेळच आली नसती.

ते मूळचे दिघीचे. गोऱ्या साहेबांची कुत्री सांभाळण्यात त्यांची पलटणीतली नोकरी सरली होती. पेन्शनीत आल्यावर देहूरोडला आमच्या लष्करी डेपोच्या फाटकावर राखणीला होते. कुणी कुत्रा बिघडल्याची तक्रार आणली की ते कोऱ्या चेहऱ्यानं विचारत, "कुत्रा बिघडलाय का तुमी?"

मी डेपोत कारकून. क्वार्टरच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. शेजारच्या साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती: भुंकणं बंद, नाहीतर कुत्रा बाहेर. मोतीला आईनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं. तो गेला तर मीही गावी जाईन, असं ती रोज ऐकवी.

पहिल्या दिवशी हवालदारांनी नुसतं पाहिलं. जेवणाआधी कुत्र्याला घास घालायचा, हा आमच्या घरचा नेम. ताटं मांडली की मोती भुंकायचा, आणि तो भुंकला की आई घाईघाईनं भाकरी टाकायची. एरवी भुंकला की मी खेकसायचो.

"वरडताना बी बघताच की त्याच्याकडं," हवालदार म्हणाले. "त्याला तेवढंच पायजे. शिवी बी गोड लागती त्याला. घास घाला, आई, पन गप बसल्यावर घाला."

तीन दिवस आम्ही पाठ फिरवून जेवलो. मोतीनं क्वार्टर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी अख्खी भाकरी त्याच्यापुढे फेकली. ते ऐकून हवालदार असे हसले की थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"झ्याक. आता त्याला कळलं, चार दिस भुकलं की आख्खी मिळती. एवढं शिकला राव तुमी, अक्कल तेवढी ऱ्हायली."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता आई मला भाकरीच्या टोपलीजवळ फिरकू देईना. मुदत संपायच्या आत मोती ताटांसमोर चुपचाप बसू लागला. "कुत्रा दिलात वाटतं कुणाला?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा आईनं पेढे वाटले.

महिन्याभरानं हवालदार आले. मोती दाराशी पडून होता.

"आज ह्याला हात कुनी लावला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. नजर दिली की हा पुन्हा भुंकेल, या धास्तीनं आई घास टाकून तोंड फिरवायची. माझं तर विचारूच नका. भुंकणं थांबल्यावर कुत्रा घरात आहे हेच मी विसरलो होतो.

"भुकत व्हता तवा आख्खं घर उठायचं," हवालदार म्हणाले. "गप बसला तर कुनी बघंना. जनावर शिकलं. मानसं न्हाई शिकली."

चहा न घेताच ते उठले. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली.

मोती उठून त्यांच्यामागून चालू लागला. मी हाक मारली. महिन्यातली ती पहिलीच असावी. त्यानं वळून पाहिलं नाही. फाटकाजवळ हवालदार थांबले, वाकले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला परत घेऊन ये, असं आई मला कधीच म्हणाली नाही.