बारा जणांचे पाय आणि एक चप्पल

सिस्टर लोकांत काम केलं की किस्से आपोआप साठतात, घरात पिशवीत पिशव्या साठतात तसे. मी किल्लारीजवळ मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. तीन सिस्टर, म्हणजे नन, रखवालदार नामदेवमामा आणि मी. त्यातले निम्मे किस्से एकट्या सिस्टर फिलोमिनांचे, आणि तेही बहुतेक ईस्टरच्या दिवसांतले!

सिस्टर मूळच्या केरळच्या. भूकंपानंतर जखमींच्या सेवेला महिनाभरासाठी आल्या, त्या राहिल्याच. मराठी शिकल्या पेशंट बायकांकडून. एका ईस्टरला बिशप आले. सगळे हात जोडून उभे, आणि सिस्टर म्हणतात, "लई वाळलाव की ओ! जेवत न्हाईत का?"

बिशपांनी त्या दिवशी दोनदा भात घेतला.

*

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. आमच्याकडे बारा ख्रिस्ती पुरुष आणायचे कुठून? मग सिस्टर गावातून गोळा करतात. पहिल्या खुर्चीवर दरवर्षी रिक्षावाले रशीदचाचा. एकदा त्यांचे पाय इतके चकचकीत, की फादर तांब्या धरून बघतच राहिले.

"घरूनच घासून आणलेत, फादर. तुम्हाला कामून तकलीफ!"

*

गुरुवारनंतर ईस्टरपर्यंत चर्चची घंटा बंद असते. तिच्याऐवजी लाकडी फळ्या आपटतात. नामदेवमामांनी गुड फ्रायडेला त्या अशा जीव तोडून आपटल्या, की शेजारचा शेतकरी धावत आला.

"मामा, ज्वारी तर कवाच निघाली. आता कोणची पाखरं हाकलून राहिले?"

*

सिस्टरांना खोटं अजिबात खपत नाही, उपासाच्या दिवसांत तर मुळीच नाही. एक औषध कंपनीवाला फोनवर पिच्छा सोडेना, म्हणून मी ठोकून दिलं, "सिस्टर बाहेर गेल्यात."

सिस्टर शेजारीच बसलेल्या. तडक उठल्या, अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडल्या, "आता बोल. आता खरं हाय!"

*

यंदाचा ईस्टर मात्र जड गेला. सिस्टरांना वरून, लातूरच्या मुख्य मदरकडून, पत्र आलं होतं: वय झालं, सण झाला की केरळला म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात राहायला जा. आज्ञा म्हणजे आज्ञा. बॅग मी भरली. मला रडू आवरेना, आणि त्या मलाच रागवत होत्या. रविवारी त्यांनी नेहमीसारख्या भूकंपात गेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावल्या. एकेक नाव पाठ, कागद नाही.

सोमवारी सकाळी जीप दारात लागली आणि गंगाबाई आली. भूकंपात तिचा पाय चेंगरला होता. सिस्टरांनी चार महिने रोज धुऊन पट्टी केली होती. आज तिच्या हातात परात आणि तांब्या.

"बसा," ती म्हणाली.

सिस्टरांचे दोन्ही पाय तिने धुतले, पदराने पुसले. मग दारातली त्यांची चप्पल काखेत मारली आणि चालू लागली. "बघते आता कशा जाताव!"

तेवढ्यात लातूरहून मदरचा फोन. निघालात का?

फोन मी सिस्टरांच्या हातात दिला. बॅगेत दुसरी चप्पल होती. कागदात गुंडाळून मीच ठेवली होती, त्यांच्या डोळ्यांसमोर.

सिस्टरांनी बॅगेकडे पाहिलं. मग स्वतःच्या ओल्या पायांकडे.

"कशी निघू, मदर?" त्या म्हणाल्या. "माझ्या पायात चप्पल न्हाई."