इंग्रजी तिसरीची दवंडी

आपलं पोर शाळेत बसून नेमकं काय शिकतं हे करवीर संस्थानात एकाही बापाला ठाऊक असू नये असा जणू कायदाच होता, आणि तो कायदा एकट्याने मोडण्यासाठी माझे थोरले साडू जन्माला आले होते. हे मी कौतुकाने सांगतो आहे असं कुणी समजू नये. मी संतापाने सांगतो आहे. त्यांच्यापायी मी जितका पायी हिंडलो तितका गावातला टपालवालाही हिंडला नसेल, आणि त्याला निदान टपाल पोचवल्यावर कुणी शिव्या देत नसत. महाराज गादीवर होते, पोरांनी शिकावं म्हणून संस्थानात जिकडेतिकडे खटपट चालली होती, शाळा भरत होत्या, आणि आम्ही दोघे कोल्हापुरातल्या एकाच शाळेत मास्तर होतो. मी गणिताचा. ते इंग्रजी पहिलीपासून तिसरीपर्यंत, म्हणजे मराठी चौथीनंतरच्या वर्गांना, इतिहास-भूगोल शिकवीत. शाळेत ते माझ्याहून जुने, घरी माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेव्हा नाही म्हणायची सोय मला दोन्हीकडून नव्हती.

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ते रोज नव्याने चिडून सांगत. वर्गात ते अगदी पुस्तकी बोलत, पण राग आला की कागलकडची बोली उसळून वर येई, आणि राग त्यांना सकाळी उठल्यापासून असे. "चार दीस म्हस दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली तर वैरण काय घातली म्हणून इचारत्यात," ते म्हणत, "आनि पोटचं पोरगं पाच तास आमच्या ताब्यात देत्यात, त्याच्या डोस्क्यात काय घातलं ते एकबी बाप इचारत न्हाई. ह्याला काय म्हनायचं?" गणितात मी काय शिकवतो हे कुणी विचारत नसे याचा मला तर आनंदच होता.

शनिवारी शाळा दुपारी सुटे. बाकीचे मास्तर घरी जाऊन झोपत. आमचे साडू काखेत नकाशाची गुंडाळी मारून निघत आणि पृथ्वीचा गोल माझ्या हातात देत. मग आईबापांच्या घरोघर आमची फेरी. या आठवड्यात तुमच्या मुलाला काय शिकवलं, तो काय समजला, काय समजला नाही, पुढच्या आठवड्यात काय येणार, हे सगळं ते उभ्याउभ्या सांगत. ऐकणारा बसला तरी हे उभेच, कारण बसून भूगोल सांगणं हा भूगोलाचा अपमान आहे असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा शुक्रवार पेठेत एका बाईने दारातूनच विचारलं, "पावणं, भोपळा कसा दिला?" मी शरमेने गोल पाठीमागे लपवला. साडू मात्र बिथरले नाहीत. त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला, तिच्यापुढे धरला आणि हा भोपळा नसून पृथ्वी का आहे हे तिला पाऊण तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "असंल बाबा. पर मला भोपळाच पायजे हुता." परतताना ते रस्ताभर धुमसत होते, आणि राग तिच्यावर नव्हता, माझ्यावर होता. मी गोल लपवला म्हणून.

गवळी सापडावा म्हणून ते धारेच्या वेळी गोठ्यात जात. नेमके तेव्हाच जात, कारण धार काढणारा माणूस उठून पळू शकत नाही हे त्यांनी हेरलं होतं. असंच एकाला ते पावसाळी वारे समुद्राकडून कसे येतात ते सांगत होते. वारे सह्याद्रीला धडकले हे दाखवायला त्यांनी हात जोरात फिरवला आणि म्हशीने लाथ झाडली. चरवी कलंडली. गवळी जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. साडू मला बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हशीचं तेवढं ध्यान हुतं. मालकाचं न्हवतं." सासुरवाडीतही हीच कथा. एका दिवाळीला सासऱ्यांनी सहज विचारलं, "काय जावईबापू, कसं काय चाललंय?" यांनी लाडू ताटात ठेवला आणि सांगितलं, "इंग्रजी दुसरीत सध्या ब्रह्मदेश चाललाय." सासरे बिचारे उरलेल्या दिवाळीत कुणालाही काही विचारायला धजले नाहीत.

आणि लोक तरी कसे. मला आजही त्यांची चीड येते. कुणी कडी लावून घेई, कुणी आजारी पडे, तालमीतले एक वस्ताद तर यांना येताना पाहून कुस्तीच्या हौद्यात उतरत आणि अंगाला माती फासत बसत. एका शहाण्यासुरत्या वकिलाने एकदा सांगितलं, "मास्तर, मुलगा पास झाला की मला कळवा. मधलं काही कळवू नका." या वाक्यावर साडू आठ दिवस जेवले नाहीत असं मेव्हणी सांगे. जेवले असतील, पण बोलले नाहीत हे खरं. "मधलं कळवू नका," ते मध्येच पुटपुटत. "समदं मधलंच तर असतं."

नेमाने वाट पाहणारा बाप सगळ्या वर्गात एकच होता. टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकणारे एक मुसलमान गृहस्थ होते, त्यांना आम्ही नालबंद चाचा म्हणत असू. त्यांचा मुलगा इंग्रजी तिसरीत होता. चाचांना अक्षरओळख नव्हती, पण शनिवारी ते आमच्यासाठी घोंगडी झटकून ठेवत आणि घोड्याचा पाय मांडीवर घेऊनच ऐकत. ऐकून झालं की एखादा असा प्रश्न विचारत की साडूंना घरी येऊन पुस्तकं उलथीपालथी करावी लागत.

पण एका चाचांवर त्यांचं समाधान होईना. घरोघर जाऊन आईबाप सापडत नाहीत, तर गावाला एकदमच कळवावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि त्यांनी दवंडी पिटवायचं ठरवलं. मी विरोध केला हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण मजकूर लिहिताना मी शेजारी बसलो होतो हेही तितकंच खरं. त्यांनी लिहिलं: 'इंग्रजी तिसरीच्या समस्त आईबापांस कळविण्यात येते की, भूगोलाचा वर्ग येत्या सोमवारपासून नदी ओलांडून उत्तरेकडील मुलखात जाणार आहे.' मला ते जरा कोरडं वाटलं. मी म्हणालो, "शेवटी 'सर्वांनी तयारी ठेवावी' असं घाला, म्हणजे घरी पोरांचा अभ्यास घेतील." त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी माझी पाठ थोपटली.

दवंडीवाल्याला 'इंग्रजी तिसरी' म्हणजे काय ते कळलं नाही, तेव्हा त्याने ते गाळलं. 'भूगोलाचा वर्ग' त्याच्या जिभेवर बसेना, तेही गाळलं. उरलेलं तो हलगीच्या ठेक्यावर पेठेपेठेतून ओरडत गेला: "सोमवारपास्नं नदी वलांडून उत्तरंला जायाचं हाय, समद्यांनी तयारी ठेवावी होऽ."

आदल्याच वर्षी गावात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ येऊन गेली होती. माणसं घरं सोडून महिनोन् महिने माळावर झोपड्यांत राहिली होती. कितीजण तिकडून परत आलेच नव्हते. अशा गावात ही दवंडी. तासाभरात गाड्या जुंपल्या गेल्या. गाद्या, पाण्याचे बंब, कोंबड्यांच्या डालग्या, जात्याच्या तळ्या, सगळं रस्त्यावर आलं. सोमवारची वाट कोण बघतो? दुपारी आम्ही दोघे पंचगंगेच्या वाटेवर उभे होतो, कारण दवंडी ऐकून कुणी शंका विचारायला आलंच तर भेटावं अशी साडूंची इच्छा होती. गाड्यांची रांग येताना पाहिली आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा उजळला. "बघा," ते माझा दंड धरून म्हणाले, "किती आईबाप आलं." आणि पहिल्या गाडीपुढे जाऊन त्यांनी नकाशा उलगडला.

गाडीवान वरून म्हणाला, "नकाशा ऱ्हाऊ द्या मास्तर. पूल खुला हाय का तेवढं सांगा." त्याच्या मागे गादीवर एक म्हातारी पडून होती. ती डोळे मिटून म्हणत होती, "मला न्हेऊ नका रं. मला हितंच ऱ्हाऊ द्या." तेव्हा काय घडलं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. नकाशा तसाच हातात लोंबत ठेवून ते एकेका गाडीपाशी धावले. "परत फिरा, साथ न्हाई, साथ न्हाई, ही माझी चूक हाय," असं घसा बसेपर्यंत सांगत होते. लोक परत फिरले ते त्यांना वाट्टेल ते बोलत. एकाने त्यांचं पागोटं उडवलं. आयुष्यभर चिडलेला तो माणूस त्या दुपारी कुणावर चिडला नाही.

फौजदाराकडून शाळेत पत्र आलं आणि हेडमास्तरांनी आईबापांची सभा बोलावली. मला अजून ती सभा आठवली की कानशिलं तापतात. आजवर एकाही शनिवारी ज्यांनी दार उघडलं नाही ते सगळे आले होते. मधलं कळवू नका म्हणणारे वकील पहिल्या रांगेत होते. "हे गृहस्थ घरोघर फिरतात, बायकामाणसांना पृथ्वी दाखवतात," असं एकजण म्हणाला आणि लोक हसले. पोरांच्या भूगोलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नालबंद चाचा तेवढे मागून उठले. ते सावकाश म्हणाले, "दवंडीचं चुकलं आसंल. पर माझ्या बापाला, आज्याला कुनी कधी सांगाय आलं न्हाई, की जग कसं हाय. ह्या मास्तरनं मला दारात यून सांगितलं. त्येंला घालवू नका." हेडमास्तरांनी त्यांना बसायची खूण केली, जणू ते काही बोललेच नव्हते.

मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही यांचे आप्त. मजकूर लिहिला तेव्हा तुम्ही तिथे होता का? 'तयारी ठेवावी' हे शब्द कुणाचे?"

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, घरी मूल लहान होतं, नोकरी कायम व्हायची होती. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता ती मलाच खरी वाटत नाहीत. मी खाली बघत राहिलो. साडू उभे राहिले आणि म्हणाले, "समदा मजकूर माझा हाय."

त्यांची बदली हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत झाली. मला नोकरीत कायम केलं. मेव्हणी जाताना माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली, माझ्याशी नीट बोलली. तिला ठाऊक नव्हतं, त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

तिकडे मी पुढच्या सुगीत गेलो. आगगाडीतून उतरून दोन कोस चाललो. शाळा म्हणजे चावडीशेजारची एक पडवी होती. साडू नेहमीसारखे तणतणत होते, पण कारण वेगळं होतं. इथे आईबापांना शोधत हिंडावं लागत नसे. रानातून येताना तेच पडवीच्या कडेला टेकत आणि विचारत सुटत. ब्रह्मदेशात भाताला खत कुठलं घालतात? विलायतेत बैल असतात का? "पुस्तक लिहिनाऱ्यानं ह्यातलं काय बी लिहिलं न्हाई," ते पुस्तक आपटून म्हणाले. "कसला मानूस म्हनायचा." मी दोन दिवस राहिलो. निघताना ते टेशनापर्यंत आले, तिथे मी म्हणालो, "त्या सभेत मी बोलायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले, "बोलाय पायजे हुतं." आणि मला गाडीत चढायला हात दिला.

दोन वर्षांनी तापाने ते चार दिवसांत गेले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मेव्हणीजवळ बायका बसल्या होत्या, मी बाहेर पडवीत बसलो. संध्याकाळी एक शेतकरी आला, डोक्याचा पटका काढून माझ्यासमोर बसला. त्याची नात शाळेत होती. पटक्याने त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मास्तर गेल्या हप्त्यात नकाशातला घाट उतरून बंदरावर आलतं. म्होरं समदा समुद्र हाय म्हनालं. मग त्येंला ताप भरला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी मास्तर न्हवं? त्या समुद्राच्या पल्याड काय हाय?"

मी गणिताचा मास्तर. मला नक्की असं काय ठाऊक होतं?

"अरबस्तान," मी म्हणालो.

"मानसं हाईत तितं?"

"आहेत. वाळू फार आहे, पाऊस कमी. उंट असतात."

त्याने ते मनात नीट बसवून घेतलं. मग पटका उचलला, उठला आणि म्हणाला, "नातीला सांगतो. वाट बघत बसलीया."