बायकोची दोन नावं

आज पेटी उघडली अन् कापराच्या वासासंगं बायकोचे दवाखान्याचे कागद हाती आले. ती जाऊन सहा महिने झाले. चारेक वर्सांमागं ह्याच कागदांवर आमची पोरगी दुपारभर बसली होती. दवाखान्यातली माहिती कॉम्प्युटरवर कशी ठेवायची, ह्याचं ती मोठं शिक्षण घेत होती, अन् दुसऱ्या दिवशी तिले अकोल्याच्या दवाखान्यात प्रत्यक्ष कामावर जायचं होतं. हात बसावा म्हणून आईचेच कागद कॉम्प्युटरात भरून राह्यली होती. एकाएकी म्हणते, "बाबा, इथं तं दोन बाया दिसून राह्यल्या!" वाशिमच्या कागदांवर बायकोचं सासरचं नाव होतं, लग्नात मीच तांदळात बोटानं लिहिलेलं. अनसिंगच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या कागदांवर तिच्या बापानं ठेवलेलं नाव होतं, अन् त्या नावावर आठ वर्सांच्या बीपीच्या गोळ्या. मले पत्ताच नव्हता. "काहून सांगतलं नाही वं?" म्या इचारलं. बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुमी कवा इचारलं जी?" पोरगी म्हणाली, "आई, ह्या दोघींची एक करते. नाव कोणतं ठेवू?" म्या तोंड उघडायच्या आत बायको बोलली, "माह्या बापानं ठेवलं थेच. एका जागी तं राहू दे." पोरीनं तसंच लिहिलं, अन् मी रागानं बाहेर जाऊन बसलो. राग आताही येते, पण तिचा नाही, माहाच. दोन-दोन नावं होती तिले, अन् जनमभर म्या नुसतं 'अवं' म्हणून हाक मारली.