संदर्भासाठी दोन नावं

कंपनीत तिला सगळे फाइलताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये तिनं चोवीस वर्षं काढली. वरच्या मजल्यांवरून इंटरकॉम वाजायचा, अमक्या सालच्या करारनाम्याची फाइल हवी असायची, आणि दहा मिनिटांत शिपाई ती घेऊन वर जायचा. ती स्वतः क्वचितच वर जाई. मग सगळे कागद स्कॅन झाले, कपाटं भंगारात निघाली आणि एका शुक्रवारी तिच्या हातात एक पत्र आणि एक पुष्पगुच्छ पडला. गुच्छावरच्या चिठ्ठीत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. तिनं ती चिठ्ठी काढून टाकली आणि फुलं घरी नेली.

वय बावन्न. लग्न केलं नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या आठवड्यात तिनं घर लख्ख घासून काढलं. दुसऱ्या आठवड्यात गॅसवाला आला, त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा निघाला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, दोन दिवस आपण कुणाशी अवाक्षरही बोललो नाही. त्याच संध्याकाळी तिनं परगावच्या भाचीला फोन करून सांगितलं, मला नोकरी हवी.

भाचीनं सीव्ही मागितला. हिनं चार पानं सुवाच्य अक्षरात लिहून त्यांचे फोटो पाठवले. जन्मतारीख, उंची, शाळेतले मार्क, चित्रकलेची परीक्षा, आवड वाचनाची. आणि शेवटच्या पानावर कुठेतरी, ‘रेकॉर्ड रूममध्ये फाइली सांभाळणे.’ भाची आधी हसली. मावशी, तू स्थळाला पाठवतेयस का हे, म्हणाली. मग तिनं नीट समजावलं. दीड पान पुरे, शेवटची नोकरी सगळ्यात वर, उंची अजिबात नको. आणि ‘सांभाळणे’ म्हणजे समोरच्याला काय कळणार? किती फाइली, किती वेळात, आणि तू नसतीस तर काय अडलं असतं, ते लिही.

तिनं आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. कपाटं आठवत आठवत हिशेब केला तेव्हा आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. एका वर्षी पाइप फुटून तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा नऊशे फाइलींचं पान न् पान तिनं पंख्याखाली वाळवलं होतं.

“हे तू कधी सांगितलं नाहीस,” भाची म्हणाली.

“कुणी विचारलं नाही.”

गाडी अडली ती शेवटच्या रकान्याशी. संदर्भासाठी दोन नावं, सोबत काम केलेल्यांची, नातेवाईक नकोत. तिनं जुन्या साहेबांना फोन केला. ते फार अदबीनं बोलले, पण पाच मिनिटांनी कळलं की ते तिला स्वागतकक्षातली बाई समजत होते. हवं तर माझं नाव घाला, असंही म्हणाले. तिनं घातलं नाही.

उरल्या कायदा विभागातल्या बाई. त्यांच्याशी सतरा वर्षं जवळपास रोज बोलणं व्हायचं, पण सगळं इंटरकॉमवर. त्या आधीच निवृत्त झालेल्या. कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटरकडून नंबर मिळवला, तर बाई म्हणाल्या, घरीच या. दार उघडल्यावर दोघी एकमेकींकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. मग हिनं “मी रेकॉर्डमधून” एवढं म्हटलं आणि बाईंचा चेहरा उजळला.

त्यांचे गुडघे गेले होते, मुलं दूर होती. चहा करायला हिलाच उठावं लागलं. बाई म्हणाल्या, सतरा वर्षांत तुमच्याकडून एकदाही चुकीची फाइल आली नाही. गोदामाच्या जागेचा खटला तर तुम्ही शोधून दिलेल्या एका जुन्या पावतीवर जिंकला.

 ती पावती शोधायला तिला तीन दिवस लागले होते.

“जिंकला? मला कळलंच नाही.”

बाई ओशाळल्या. “वर आम्ही पार्टी केली. खाली कळवायचं राहूनच गेलं.”

 मग बाईंनी कागद मागून घेतला आणि खटल्याचं ते वाक्य सीव्हीत कसं लिहायचं ते स्वतः सांगितलं. खाली आपलं नाव आणि नंबरही दिला.

अकरा ठिकाणी अर्ज गेले. नऊ ठिकाणांहून काहीच आलं नाही, एका ठिकाणाहून नकार आला, आणि एका रुग्णालयानं बोलावलं. समोरच्या अधिकारी बाईंनी दीड पान दोनदा वाचलं आणि दुसरं नाव कुठंय, असं विचारलं.

“मला ओळखणारं एकच माणूस आहे,” ती म्हणाली. “पण त्यांना विचाराल तर त्या खरं तेच सांगतील.”

नोकरी मिळाली, एका वर्षाच्या करारावर. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ टेबल. सोबतच्या दोन मुली कानात इयरफोन घालून काम करतात आणि तिला मॅडम म्हणतात. रविवारी ती कायदा विभागातल्या बाईंना फोन करते. फाइल मागायची नसली की दोघींना विषय सुचत नाही. गुडघे, औषधं, पाणी आलं का, एवढ्यावर बोलणं संपतं. फोन ठेवायची घाई मात्र दोघीही करत नाहीत.