धाक नव्हे, दुखणं मोजणाऱ्या शैलजाताई

डॉ. शैलजा पाटणकर यांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांचं काम नासवलं म्हणून. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जाणकार मंडळी त्यांच्या संशोधनावर लिहितीलच. मी काही शिकलेला माणूस नाही. दोन गाई आणि सायकलला अडकवलेल्या किटल्या एवढ्यावर सोनईत दुधाचा धंदा उभा केला. तेव्हा माझ्या गोठ्यात घडलं, तेवढंच सांगतो.

माझ्याकडे मैना नावाची संकरित गाय होती. दुधाला चांगली, पण अलीकडे धार काढायला बसलं की लाथ मारायची. खोडील ठरवून येत्या बाजारी तिला विकायचं मी पक्कं केलं होतं. आमच्या सौ. पारूबाईंनी तिला कालवडीपासून वाढवलेलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या.

अशात जनावरांच्या डॉक्टर असलेल्या शैलजाताई भिंगारहून स्कूटरवर आल्या. गाईला किती दुखतं ते मोजायचंय म्हणाल्या. मला हसू आलं. माझा कान तिखट; कोणती गाय रवंथ करत नाही हे मी ओसरीवरून सांगतो. म्हटलं, दुखत असतं तर ओरडली नसती का? ताई म्हणाल्या, ओरडत नाही म्हणूनच यंत्र आणावं लागलं.

यंत्र सायकलच्या पंपाएवढं, पुढं बोथट टोक. ते गाईच्या पायाला लावून दाब हळूहळू वाढवायचा आणि तिनं पाय उचलला की थांबून आकडा वाचायचा. जितक्या कमी दाबावर पाय उचलेल, तितका तो दुखरा. ताईंनी टोक आधी स्वतःच्या नडगीवर दाबून बघितलं, मगच गाईला लावलं.

आता माझा पराक्रम. पाहुण्यांसमोर गोठ्याची शोभा नको म्हणून मी प्रत्येक गाईच्या तोंडाशी उभा राहून हळूच "हं" म्हणत होतो. माझ्या "हं"वर गाई पाय हलवत नाहीत, याचा मला केवढा अभिमान! धारेला लाथ मारणारी मैनासुद्धा, मी तोंडाशी असल्यानं, दगडासारखी उभी राहिली. ताईंनी वही मिटली.

"आप्पा, ही तुमच्या धाकानं उभी आहे. मी धाक मोजायला आले नाही, दुखणं मोजायला आले आहे."

सकाळभराच्या कामावर त्यांनी काट मारली, पण मला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. मला ओसरीवर बसवलं, गाई निवांत होऊ दिल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला दाब त्यांनी द्यायचा आणि आकडा पारूबाईंनी वाचायचा, म्हणजे ताईंच्या मनाजोगा आकडा यायला नको. मैनानं डावा मागचा पाय टोक टेकताच उचलला. थांबून पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, तरी तेच. उजव्याला मात्र बराच दाब सोसला.

गोठ्यातून पारूबाईंचा आवाज आला, "खोडील म्हनत हुता न्हवं? या, बघा. पाय दुखतोय तिचा. लाथ मारून तेच सांगत हुती, तुमच्या तिखट कानाला."

ताईंनी खूर तासला, तर त्याच्या दोन नखांपैकी एकाच्या तळव्यात जुनी जखम. शेजारच्या नखाखाली लाकडी ठोकळा चिकटवून त्यांनी दुखऱ्या नखावरचा भार काढला. माझा बाजार हुकला. त्यानंतर दर चार दिवसांनी, बोलावलं नसताना, त्या जखम बघायला यायच्या. महिन्याभरानं मैना मी "हं" न म्हणता धारेला उभी राहिली.

पुढं जामखेडच्या एका मेळाव्यात ताईंनी ही हकिकत सांगितली, तेव्हा माझं नाव घेतलं नाही. मीच उठून म्हणालो, तो शहाणा मी. लोक हसले, ताई मात्र ओशाळल्या. दुसऱ्याची चूक झाकण्याची ही त्यांची रीत.

मैना आमच्याच दावणीला म्हातारी झाली. एखादी गाय लाथ मारू लागली की पारूबाई आता एवढंच म्हणतात, "पाय बघा तिचा."

ताई, अलीकडे तुमचे गुडघे दुखतात असं कानावर येतं आणि तुम्ही कुणाला सांगत नाही, असंही येतं. हे बरं नव्हे. तुम्हाला धडधाकट, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सोनईकरांची मनापासून इच्छा. आणि कुठं दुखलंच, तर आमच्यापासून लपवू नका.